सायलीचा दुसरा अल्बम

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढेही बोलले नाही — त्याला कळत असेल तर बोलायचं कशाला? तुला सांगते, कारण तू मला ओळखत नाहीस. ओळखीच्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

मी धवलारीण. रेवदंड्याच्या आसपास आम्हा आगरी लोकांच्या लग्नात जी बाई धवले गाते, एकेका देवाला गाण्यातून मांडवात बोलावते, ती धवलारीण. शाळा चौथीपर्यंत. पण गाणं एकदोनदा कानावर पडलं की पाठ, वही लागत नाही. ही बढाई नव्हे. पुढचं सगळं यानेच केलं — म्हणजे मीच केलं.

सायली माझ्या भाचीची मुलगी. मुंबईत गिटार घेऊन गाते. तिच्या पहिल्या अल्बममध्ये सगळे माझे धवले होते. पेपरात वाहवा झाली, माझं नाव छापून आलं. दुसऱ्या अल्बममध्ये मात्र सगळी गाणी तिने स्वतः लिहिलेली. सुनेने फोनवर लावून दिली. माझं नाव कुठे येतं का, म्हणून मी शेवटपर्यंत ऐकत बसले. यायचं कारण काय होतं? काहीच नाही. तरी बसले.

त्यातलं एक गाणं होतं —

साऱ्या देवांना गो पाट मांडिले,
बोलावणारी उभी दारात.

मी सुनेकडे पाहिलं. ती गालात हसत होती की मलाच तसं वाटलं? ही तर मी होते. लग्नघरात पहाटेपासून गाऊन घसा बसतो, सगळ्यांची पंगत उठते, तेव्हा कुणाला तरी आठवतं की बाई जेवायची राहिली. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मग हिला कुणी सांगितलं? माझ्या घरी राहायला यायची ती धवले शिकायला, की मला बघायला? माझी कीव करते ही पोरगी, गावभर दाखवते — असं मनात बसलं ते बसलं.

मग एक बाई आली. गाण्यांवर पेपरात लिहिणारी. अलिबागहून रिक्षा करून आली, चपला बाहेर काढल्या, पण नजर घरभर फिरत होती. तिलाही संशय होताच. सव्वीस वर्षांच्या मुलीला असे शब्द सुचतात कसे, हे गाणं मूळचं तुमचंच ना, असं तिने गोडीत विचारलं.

तिला काय हवंय ते मला कळलं. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "माजी सासू म्हनायची."

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित तिने मानलं नसतं. पण मी गाऊन दाखवलं. सायलीची चाल टाकून धवल्याच्या चालीवर घेतलं, शब्द आगरीत फिरवले, आणि पुढे दोन ओळी बसल्या जागी जोडल्या, तिच्या गाण्यात नसलेल्या. म्हणजे वाटावं, पुरं गाणं इथे आहे आणि तिने अर्धं उचललंय. बाईने फोनवर भरून घेतलं. माझ्या सासूने ते गाणं जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

पेपरात आलं — म्हाताऱ्या बाईचं गाणं नातीने आपल्या नावावर खपवलं. बाकीच्या गाण्यांचं कुणी नावही काढलं नाही. लोकांनी फोनवर तिला चोर म्हटलं. सुनेने वाचून दाखवलं, मी तांदूळ निवडत ऐकलं.

सायली आली तेव्हा मला वाटलं, भांडेल. भांडली असती तर मी कबूल केलं असतं का? माहीत नाही. ती भांडलीच नाही. माझ्यापुढे बसून म्हणाली, "आजी, मी लहानपणी तुझ्याकडून ऐकलं असेल गो. आणि मला वाटलं, मलाच सुचलं. असं झालं असेल ना?"

मी खोटी असेन, हे तिच्या मनातच आलं नाही. तिने स्वतःवर संशय घेतला.

मी म्हटलं, "आसंल."

त्या बाईशी खोटं बोलले ते रागात. हे मात्र शांतपणे, तिच्या तोंडाकडे बघून.

तिने गाण्याखालचं आपलं नाव काढून तिथे 'पारंपरिक' लिहिलं. सगळ्यांची माफी मागितली. आता फक्त जुनी गाणी गाते आणि पेपरवाले पुन्हा चांगलं लिहितात. महिन्यातून एकदा माझ्याकडे येते. माझ्यासाठी खारी घेऊन येते.

गेल्या खेपेला मागच्या पडवीत कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणत होती. भरतीचं पाणी मिठागरात शिरतं, त्यावर होतं. माझा हात थांबला, इतकं चांगलं होतं. मग तीच मधे थांबली. ओला टॉवेल हातात धरून दारात आली आणि विचारलं, "आजी, हे कुणाचं गो? तुझं का?"

ते तिचं होतं. त्याआधी जगात कुणी म्हटलं नव्हतं, मला लगेच कळलं.

मी म्हटलं, "आठवत न्हाय."

ती बरं म्हणाली आणि पुन्हा कपड्यांकडे गेली. पुढे गुणगुणली नाही.