सोडा, आक्का, सोडा!

"पोटात का दगडावर?"

तिसगावच्या पेठेत चाचीच्या दुकानाची पायरी चढून कुणी नुसतं "सोडा द्या" म्हटलं, की ती मान वर न करता हे विचारायची. नवख्याला वाटायचं, बाई भांडायलाच उठली. पण अर्थ सरळ होता. भज्यांतला सोडा पोटात जातो, धुण्याचा दगडावर. दोन्ही पांढरे, दोन्ही पुडीतले आणि नाव एकच. एकदा एक घाईतला गडी म्हणाला, "कंचा बी द्या हो!" तिनं त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. "आधी घरी इचारून या. पाव्हन्यांच्या पोटात धुनं धुवायचंय का?"

चाची रंगाऱ्याची विधवा. नवऱ्याच्या बरोबरीनं लुगडी रंगवता रंगवता तिच्या नखांत निळा रंग कायमचा बसला होता. दुकानात तुरटी, नवसागर, मोरचूद, पापडखार. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून पुड्यांना दोरे वेगवेगळे. खाण्याच्या सोड्याला पांढरा, धुण्याच्याला निळा. साबणाला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या डब्याला मात्र तांबडा, तोही तीन गाठी मारून. नवऱ्याच्या वेळचा तो डबा मेण लावून वरच्या फळीवर ठेवलेला असे. "ह्यो हवेतलं पानी पितो आन् मानसाची कातडी खातो," अशी ती त्याची ओळख करून द्यायची. वाया गेलेल्या दिराबद्दल बोलावं तशी!

तुम्ही पाहिली असतील अशी माणसं. शाळेची पायरी न चढलेली, पण हातात मास्तरकी असलेली.

लढाईचे दिवस होते. बाजारात साबण मिळेना. आमच्या सासूबाईंनी फर्मान काढलं, साबण घरी करायचा. घाण्याचं करडईचं तेल घरात होतं. तांबड्या दोऱ्याचा सोडा चाचीचा आणि शिकवणीही तिचीच. सासूबाई चाचीच्या घरचं पाणी पीत नसत, पण तिची अक्कल घ्यायला त्यांची हरकत नव्हती. अक्कलेला कुठं विटाळ असतो, नाही का?

परसात आडाजवळ मांडामांड झाली. मी नवी सून, उत्साह उतू चाललेला. मी मोठं थोरलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं आणून ठेवलं. चाची किंचाळलीच.

"जर्मन नको गं बेटी! त्याचं आन् सोड्याचं हाडवैर. भांडं खाऊन टाकंल त्यो."

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या, "लढाई आपल्या परसात बी आली."

मग मातीचा डेरा आला. चाचीनं मला वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं, हातात लाकडी दांडा दिला आणि बजावलं, "आधी पानी. मग त्यात सोडा, पळी-पळीनं. सोड्यावर पानी कदी वतायचं न्हाई. उसळून डोळं घेतंय. आन् तू तोंड लांब ठेव."

डबा कुणी धरायचा? सासूबाईंनी. "तेल माजं, अंगन माजं, डबा बी मीच धरनार." चाचीनं डबा त्यांच्या हाती दिला. आमच्या घरात त्यांच्यापुढे कुणाचंच चालत नसे.

पहिल्या दोन पळ्या नीट पडल्या. आग नाही, चूल नाही, तरी डेऱ्याला हात लावला तर चटका बसू लागला. मला ते इतकं नवल वाटलं, की मी आगाऊ, वाकून आत बघू लागले. तेवढ्यात सासूबाईंच्या हातातला डबा कलला. चाचीनं झेप घालून तो धरला आणि ती ओरडली, "सोडा, आक्का, सोडा!"

तिला म्हणायचं होतं, डबा सोडा. सासूबाईंना वाटलं, सोडा मागतेय. त्यांनी अख्खा डबा डेऱ्यात उपडा केला.

फस्सकन डेरा उसळला. मला एवढंच आठवतं, की डोळ्यांसमोर एक हात आडवा आला आणि मी मागे आदळले. मला थेंबसुद्धा लागला नाही. चाचीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत पोळला होता.

"हळद आन गं! लिंबू आन!" सासूबाई ओरडल्या.

"हळद न्हाई, लिंबू न्हाई! पानी! वतत ऱ्हावा, थांबू नका!"

आणि मग आमच्या सासूबाई, ज्या घरात सून असताना पोहऱ्याला हात लावत नसत, त्या आडातून पोहऱ्यामागून पोहरा ओढून चाचीच्या हातावर ओतू लागल्या. चांगला अर्धा तास. हात धारेखाली धरूनच चाचीनं दुसऱ्या हातानं माझी पापणी वर केली, मग तोच पंजा समोर धरला. "बेटी, किती बोटं?"

"चार... आणि अंगठा."

"मग शाबूत ऱ्हायले डोळे," म्हणाली, आणि मगच "या अल्ला" करून कण्हली. कण्हता कण्हता तिला हसू फुटलं. "आक्का, सोडा म्हनले तर सोडलात की हो समदा!"

"मग मेले, नीट मराठीत सांगावं! 'ठेव' म्हनायचं, 'दे' म्हनायचं. सोडा म्हंजे मी काय समजू?" सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसू काही आवरेना. आम्ही तिघी चिखलात बसून हसत होतो.

निम्मा सोडा उतू गेल्यामुळे साबण घट्ट झालाच नाही. "साबन हाय का शिरा?" असं म्हणत सासूबाईंनी तो वर्षभर चमच्यानं वाढला. हात बरा होईपर्यंत त्या रोज चाचीकडे जात. तिसऱ्या दिवशी तिथं चहा प्यायल्या आणि घरी येऊन मला दम भरला, "कुनाला बोललीस तर बघ!" मी आज प्रथमच बोलतेय.

पुढे चाची लेकीकडे श्रीरामपूरला राहायला गेली. दुकानाला कुलूप लागलं. दोन वर्षांनी मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, चाची गेली. मी सुपातलं धान्य निवडत होते, मान खाली घालून निवडतच राहिले.

सुनेनं घरात रडलेलं सासूबाईंना मुळीच खपत नसे. त्या दिवशी त्या जवळ आल्या, माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हणाल्या, "रड गं. तिनंच राखलेत ते डोळे. तिच्यासाठी न्हाई रडायचं, तर कुनासाठी?"

मी रडले. दोन्ही डोळ्यांनी.