सुमनवयनीचा कासोटा

आमच्या सर्वण गावात कुणालाही विचारा, फुगडीच्या पोरींना नऊवारी नेसवावी ती आमच्या सुमनवयनीनेच. माझी थोरली जाऊ. पोरीला भिंतीकडे तोंड करून उभी करते, तिच्या कंबरेला गुडघा टेकते आणि गाठ अशी आवळते की पोरीचे डोळे पांढरे होतात. वर म्हणते, "श्वास मागाहून घे गो!" गणेशचवथीच्या फुगडीत पोरी चक्कर येऊन पडतील, पण वयनीने घातलेला कासोटा कधी सुटला नाही. हल्ली पणजीत शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. तिचं नाव काढलं की वयनी भडकायची, "साडी ती, की उशीचो अभ्रो?"

यंदा डिचोलीच्या स्पर्धेत माझी गौरवी होती. रोज संध्याकाळी साडी नेसून सराव, रोज वयनीची गाठ. एक दिवस पोरगी म्हणाली, "मांडीला बाहेरच्या अंगाने जळजळतं गो आई. मुंग्या येतात." वयनी म्हणाली, दिश्ट लागली. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकलं, मांडी होती तशीच.

मग वयनीला संशय आला, सराव चुकवायला सोंग करते की काय! "चिमटा काढून बघते," म्हणाली आणि गौरवीच्या मांडीला सणसणीत चिमटा काढला. पोरगी चहात पाव बुडवून खात होती, ती खातच राहिली.

"काढ ना चिमटा," म्हणाली, "कधी काढणार?"

वयनीचं तोंड उतरलं. तशाच आम्ही डिचोलीला दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून बघितले, टाचांवर चालवलं. म्हणाल्या, "पायात जोर आहे. कंबरेजवळून मांडीच्या कातडीकडे एक नस जाते, ती दाबली गेलीय. कंबरेला काय घट्ट बांधता हिच्या?"

मी वयनीकडे बघितलं. वयनी पंख्याकडे बघत होती.

"कपडे सैल ठेवा, हळूहळू बरं होईल. नाचू दे खुशाल, पण आवळायचं नाही."

बाहेर येऊन वयनी बसस्टॉपवर ढसाढसा रडली. "माझ्याच हातांनी केलं गो! पोरीची मांडी अशीच ऱ्हवली तर?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण तिचे हुंदके बघवेनात, मीच तिला लिंबूसोडा पाजला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी पणजीला गेली आणि उशीचा अभ्रा विकत घेऊन आली. त्याचं इलॅस्टिक उसवून ढिलं केलं. रोज सकाळी चिमटा काढायची, "लागलं गो?" रोज गौरवी मान हलवायची, नाही.

स्पर्धेदिवशी बाकीच्या पोरींनाही तिने सैलच नेसवलं. फुगडी रंगात आली आणि त्यातल्या सेजलचा कासोटा सुटला! शेपटीसारखा लोळत गेला. सगळं गाव वयनीकडे बघायला लागलं, मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वयनीचं तिकडे लक्षच नव्हतं. गौरवी स्टेजवरून उतरली तशी तिने पोरीला पडद्यामागे धरलं आणि मांडीला चिमटा काढला.

"आई गोऽऽ! मेले!"

किंकाळी पडद्याजवळच्या माईकवरून सगळ्या मांडवाला ऐकू गेली. परीक्षक उठून उभे राहिले. वयनी पोरीला पोटाशी धरून हसत होती, रडत होती.

"परत ओरड गो बाय," म्हणाली, "परत एकदा ओरड!"