‘आज कसं वाटतंय?’ विचारणारा फोन

आमच्या टीमचं काम ऐकायला फार गंभीर वाटतं. कॅन्सरच्या पेशंटना उपचार चालू असताना मोबाइलमुळे थोडा धीर मिळतो का, मन हलकं होतं का, याचा अभ्यास. त्यासाठी आम्ही एक ॲप केलंय. डॉक्टर मॅडम प्रमुख, निलेश ॲप बनवणारा आणि मी समुपदेशक, म्हणजे पेशंटशी बोलणारी. घाटकोपरला एका खोलीत ऑफिस. मॅडमना रिपोर्टसाठी आकडे लागतात, पण पेशंट आकडे देऊन थांबतात थोडेच! उठता उठता असं काहीतरी बोलून जातात की ते कुठल्याच रिपोर्टमध्ये बसत नाही. मग ते साठत जातं आणि चहाच्या वेळी बाहेर पडतं.

*

विक्रोळीचे कांबळेकाका. फिटर म्हणून रिटायर झालेले, सोबत मुलगा. निलेशने काकांच्या फोनवर ॲप टाकलं आणि स्क्रीनवर चौकट आली : ‘सूचना पाठवू का? हो / नाही.’ काका चष्मा सावरून तिच्याकडे बघतच राहिले.

निलेशला वाटलं, आता हे ‘नाही’ दाबणार. म्हणाला, “काका, घाबरू नका. ॲप फक्त तुमची परवानगी मागतंय.”

“कळलं रे. म्हणूनच बघतोय. आजारी पडल्यापासून मला विचारणारं हे पहिलंच! बाकी सगळे मुलालाच विचारतात.”

मॅडम शेजारी बसून मुलाशीच बोलत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे खुर्ची वळवली आणि काकांसमोर बसल्या.

*

याच काकांचा दुसरा किस्सा. केमो चालू असताना पाणी भरपूर प्यायचं असतं, म्हणून ॲप अधूनमधून आठवण करतं. आवाज माझा. एका रविवारी काका बुद्धविहारात बसले होते. सगळे ध्यानात, एकदम शांतता. तेवढ्यात काकांच्या शर्टाच्या खिशातून मी खणखणीत आवाजात विचारलं, “पाणी प्यायलात का?”

काकांना कुठे तोंड लपवू असं झालं. समोर बसलेल्या भंतेजींनी डोळे उघडले, हसले, आपली बाटली उचलली आणि म्हणाले, “विचारलंय एवढं, तर पिऊ या सगळेच!”

*

ॲपमध्ये मन शांत करायचा एक ऑडिओ आहे. ‘डोळे मिटा, श्वास आत घ्या’ वगैरे. बोरिवलीच्या दीपाताईंना विचारलं, “उपयोग होतो का?”

“काडीचा नाही गं! दुपारी लावला तर शेजारी बसलेले आमचे हेच घोरायला लागले.”

मी म्हटलं, “अरे देवा. मग बदलू या का तो?”

“बदलू नकोस हं! माझी गाठ कळल्यापासून हा माणूस धड झोपला नव्हता.”

*

रोज सकाळी ॲप विचारतं, ‘आज कसं वाटतंय?’ खाली चेहरे असतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. रडका चेहरा आला की मी फोन करायचा, असा नियम.

चेंबूरच्या एका आजींचा रोज रडका! मी काळजीत. रोज फोन. आजी मात्र मजेत. भाजी काय केली, शेजारीण काय म्हणाली, सगळं सांगायच्या. शेवटी विचारलंच, “आजी, तुम्ही तर छान बोलताय. मग रडका चेहरा का दाबता?”

“हसरा दाबला तर तुझा फोन येतो का?”

मी म्हटलं, “येईल. उद्यापासून हसऱ्यालाच!” दुसऱ्या दिवसापासून आजींचा हसरा चेहरा आला की मी फोन करायला लागले. आता आजी रोज हसऱ्या! निलेश वैतागला. “यार, तू माझ्या डेटाची वाट लावलीस!”

मॅडम म्हणाल्या, “लागू दे.”

*

बायकांचा आमचा एक व्हिडिओ ग्रुप आहे. त्यात अंधेरीची शिल्पा कधी चेहराच दाखवायची नाही. केमोने केस गेलेले. फोन उताणा ठेवायची, त्यामुळे आम्हाला दिसायचा फक्त तिच्या घरातला पंखा. सगळ्या सांभाळून बोलायच्या. एके दिवशी दीपाताईंना राहवलं नाही. “शिल्पा, राग मानू नकोस, पण तो पंखा पूस गं! किती ती जळमटं!”

मला वाटलं, संपलं. ही आता ग्रुप सोडणार.

पुढच्या वेळी पंखा चकाचक! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तशी स्क्रीन हलली, पंखा बाजूला गेला आणि टक्कल पडलेली एक सुंदर मुलगी हसत म्हणाली, “पुसणारीला पण बघा की जरा!”

त्या दिवशी घरी जाताना मी सगळ्यांचे आभार मानत सुटले होते. रिक्षावाल्याचेसुद्धा.

*

आणि भांडुपचे गावडेकाका. मूळचे मालवणकडचे. घशाचा कॅन्सर. ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून निलेशने आधीच त्यांच्या आवाजात रोजची वाक्यं भरून घेतली. एकेका वाक्याला एकेक बटण. ‘पाणी दे.’ ‘दुखता हा.’ मग काकांनी आपल्या मनाने दोन भरली : ‘तुका काय कळता!’ आणि ‘माझां डोक्यां खाव नको!’

“काका, ही कशाला?” निलेशने विचारलं.

“रोज लागतत!”

ऑपरेशन नीट पार पडलं. काही दिवसांनी काका-काकी तपासणी करून आमच्या ऑफिसात आले. काकी थेट निलेशकडे गेल्या. “माझा पण आवाज भर रे यात.”

“तुमचा कशाला? तुम्ही तर बोलता.”

“मी पोळीभाजी केंद्रात कामाला जाते ना. हे दिवसभर एकटे. भांडायला घरात कोण आहे?”

निलेशने काकींचा आवाज भरला. काकांनी तिथेच, बाकावर बसल्या बसल्या, फोन हातात घेतला आणि एक बटण दाबलं.

“परत पंखो चालू ठेवलात!”

दुसरं दाबलं.

“तुका काय कळता!”

“जेवलात काय, नुसतेच बसान आसात?”

“माझां डोक्यां खाव नको!”

फोनमध्ये कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. आणि ती दोघं बाकावर एकमेकांना खेटून, काही न बोलता, ऐकत बसली होती.