दोरा मीच फेकला

हे आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. आज का सांगतेय—ते विचारू नका.

परळच्या एका हॉस्पिटलात मी आयसीयूत नर्स होते. इन्फेक्शन पसरू न देण्याची जबाबदारी नाईक सिस्टरांची. काय बाई होत्या त्या! मोठमोठ्या सर्जनना हात धुवायला परत पाठवायच्या, तेही हसत. औषधांना दाद न देणारे जंतू आपल्याच हातांवरून एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात, हे त्यांनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. कोपराच्या खाली अंगठी नाही, बांगडी नाही, दोरा नाही. गणपतीत लालबागला रांग लावून बांधलेले आमचे दोरे त्या स्वतः कापायच्या आणि कागदात नीट गुंडाळून परत द्यायच्या. "देवाक कळता गो. जंतूक खंय कळता?"

माझा तेवढा राहिला. मूल व्हावं म्हणून बांधलेला—कापायला हात धजेना. त्यांची फेरी आली की मी पटकन ग्लोव्हज चढवायचे. दोरा ड्युटीभर ओलाच असायचा. मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं.

मग शेजारशेजारच्या दोन खाटांवरच्या पेशंटमध्ये एकच जंतू निघाला. दुसऱ्या खाटेवर नायगावचे तावडेकाका—बायपास छान झालेली, दोन दिवसांत घरी जायचे. दोन्ही खाटा माझ्याकडे होत्या. सगळ्यांच्या हातांची तपासणी ठरली. आणि मी काय केलं? बाथरूममध्ये जाऊन दोरा कापला, कचऱ्यात टाकला, कोपरापर्यंत हात घासले—आणि मग पुढे केले. रिपोर्ट स्वच्छ आला.

काकांना शेवटचं औषधही लागू पडलं नाही. ते गेले. माझ्या दोऱ्यामुळे? कोण जाणे. तपासायची गोष्ट मीच फेकली होती.

सिस्टर महिनाभर नळ, ट्रॉल्या, पडदे तपासत राहिल्या. "माझाच खंयतरी चुकला," म्हणायच्या. तावडेकाकूंना भेटून त्यांनी हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या कुणी मागितली असती? मी शेजारीच उभी होते.

रिटायर होताना त्यांनी त्यांच्या जागेसाठी माझं नाव सुचवलं. आता सगळ्यांची मनगटं मी तपासते. काकांच्या फाइलवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय—संसर्ग कुठून आला, कळलं नाही. ती फाइल माझ्याच कपाटात आहे. मी तिथे आजवर एक अक्षरही बदललेलं नाही.