बाबांचे गुडघे आणि आईच्या चपला

आमच्या बाबांनी अडतीस वर्षं लोकांपुढे गुडघे टेकले, तेही पगार घेऊन. चपला-बुटांच्या दुकानात ते सेल्समन. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बाबा एक गुडघा जमिनीला टेकणार, पायात बूट चढवणार आणि अंगठ्यापाशी दाबून बघणार. जुन्या बुटाचा तळ पाहून तर ते माणसाचा इतिहास सांगत. "साहेब, सगळा भार डाव्या पायावर टाकता. कंबर दाखवून घ्या." लोक चाट पडत.

पुढे त्यांचेच गुडघे कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, "हाडावर हाड घासतंय. सांधे बदलून घ्या, सुखानं चालाल."

बाबांनी एकच विचारलं, "मग गुडघा टेकता येईल?"

"ते टाळलेलं बरं."

झालं. फाईल कपाटात गेली. "गुडघा टेकायचा नाही, तर काय दुकानात शोभेला उभा राहू?" दुकानाच्या मालकांनी बुटकं स्टूल देऊ केलं, मी समजावून थकले. बाबा ढिम्म. शेवटी आम्ही सगळ्यांनीच हात टेकले. चार वर्षं ते आईच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून रस्त्यानं जात आणि वर म्हणत, "चालतोच आहे की मी."

एका रविवारी मी घरातल्या तुटक्या चपला टाकायला काढल्या. त्यातला एक जोड बाबांच्या हाती लागला. सवयीनं त्यांनी तो उलटा केला.

"बाईमाणसाची आहे. डावी शाबूत, उजवी पार गेलीय. बिचारीच्या उजव्या खांद्यावर कोणीतरी वर्षानुवर्षं ओझं दिलंय. कोणाच्या गं या?"

"आईच्या," मी म्हटलं.

आई आतून म्हणाली, "ओझं कसलं? तुम्हीच की."

बाबांनी चष्मा लावून तळ पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना फोन करून तारीख घेतली.

ऑपरेशन छान झालं. बाबा आता स्टुलावर बसून बूट चढवतात. डॉक्टरांचे आणि मालकांचे उपकार मी विसरणार नाही. पण मला जास्त आठवते ती ॲडमिट व्हायच्या आदली संध्याकाळ.

बाबा दुकानातून नवा जोड घेऊन आले. आईला खुर्चीत बसवलं. मग टेबलाची कड धरून, ओठ आवळून, त्यांनी गुडघा टेकला.

"अहो, आता तुम्हाला उठवायचं कोणी?"

"तूच. आजवर तूच उठवत आलीस," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं परक्यांच्या पायांशी बसलो, तुझ्या कधी बसलो नाही. उद्यापासून जमायचं नाही. तुझ्या जिवावर चाललो गं मी."

त्यांनी आईच्या एका पायात चप्पल चढवली आणि अंगठ्यापाशी दाबून बघितलं. तिनं दुसरा पाय पुढे केला.