हमसची सतरावी बॅच

रिटायर झालेल्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि दुसरे, किस्से. पट्ट्या बायको फेकून देते. किस्से कोण फेकणार?

आमच्या तिघांच्या कंपूत गेल्या काही वर्षांत जे किस्से साठले, ते सगळे एकाच पदार्थाचे. पदार्थ कुठला, तर हमस! देवासमध्ये राहायचं, रोज सकाळी पोहे खायचे आणि किस्से सांगायचे ते अरबांच्या चटणीचे! सांगताना मी हसतो, ऐकणारेही हसतात. मग घरी आल्यावर वाटतं, यातले निम्मे किस्से घडायलाच नको होते. आणि त्या निम्म्यांत माझा हात आहे.

*

आधी माणसं सांगतो. नाना शेंडे आणि मी, दोघेही साताऱ्याकडचे. नोकरीसाठी देवासला आलो आणि एकाच कंपनीच्या क्वालिटी विभागात तीस वर्षं गिअर तपासले. तिसरा पवारभिया, स्टोअर्समधला; 'भिया' म्हणजे इकडचा 'भाऊ'. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, म्हणून तो आम्हाला अजून 'बाहेरचे' म्हणतो. आम्हाला येऊन चाळीस वर्षं झाली!

नाना म्हणजे लाल टॅग. ज्या पेटीवर त्याने 'रिजेक्ट'चा लाल टॅग लावला, ती पेटी मॅनेजरलाही सोडवता यायची नाही. रिटायर झाला तरी सवय गेली नाही. एका लग्नात श्रीखंड वाढणाऱ्याला त्याने थांबवून विचारलं, "तुमच्याकडे हे तपासतं कोण?"

त्याची एकुलती एक मुलगी अश्विनी नोकरीला दुबईला गेली आणि तिथे तिने लेबननच्या नबीलशी लग्न ठरवलं. तिने फोटो पाठवला. नानाने चष्मा लावून तो नीट पाहिला, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "रिजेक्ट!"

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. परका देश, परका धर्म, बापाला साधं विचारलंही नाही, असं बरंच बोलला. बोलता बोलता मध्येच म्हणाला, "पोरगा दिसायला तसा सभ्य आहे रे." तेव्हा मी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मला अक्कल शिकवायची हौस. मी म्हणालो, "नाना, सहा महिने तिच्याशी बोलू नकोस. आपोआप येईल वठणीवर!"

त्या सहा महिन्यांची सात वर्षं झाली. सल्ला देताना माझा चहासुद्धा गार झाला नव्हता.

*

लग्नानंतर वर्षभराने एका रविवारी वहिनींचा, म्हणजे नानाच्या बायकोचा, फोन आला. "भावजी, दुपारी सगळे जेवायलाच या. छोले केलेत."

आम्ही काय, तयारच! मी, माझी बायको शैला, पवारभिया, असे सगळे गेलो. छोले कसले, पातेलंभर! मी तीनदा वाढून घेतले. नाना खाली मान घालून जेवत होता. मी आपला गमतीत म्हणालो, "वहिनी, आज चणे जरा जास्तच मऊ झालेत!"

वहिनी म्हणाल्या, "मऊच करायचे होते, भावजी."

घरी येताना शैलाने सांगितलं. अश्विनी आणि नबील आदल्या दिवशी इंदूरला उतरले होते. वहिनींनी नानाला न सांगता त्यांना जेवायला बोलावलं होतं, आणि जावयासाठी हमस करायचं म्हणून चणे भिजवले होते, सोडा घालून शिजवलेही होते. सकाळी नानाला कळलं. तो म्हणाला, "ते येणार असतील तर मी बस पकडून धारला जातो." वहिनींनी पोरीला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि चण्यांना मसाला लावला.

हमस हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पोट इतकं भरलं होतं की नीट चालवत नव्हतं.

*

दोन वर्षांनी वहिनी गेल्या. अश्विनी आली, एकटीच, दहा दिवस राहिली. त्या दहा दिवसांत बापलेकीत पाण्याच्या तांब्याशिवाय कशाची देवघेव झाली नाही. निघताना ती दारात थोडी थांबली होती. नाना भिंतीकडे बघत बसला. मी शेजारीच उभा होतो. त्याला एक कोपरखळी मारायला काय जात होतं माझं?

गेल्या वर्षी चैत्रात नाना स्वयंपाकघर आवरत होता. काबुली चण्यांच्या डब्यात त्याला एक घडी केलेला कागद सापडला. कॅलेंडरचं जुनं पान, मागच्या कोऱ्या बाजूला वहिनींच्या अक्षरात हमसची कृती. पोरीने फोनवर सांगितलेली, दुपारी नाना झोपल्यावर.

नानाने मला आणि पवारभियाला बोलावलं. कागद समोर ठेवला आणि म्हणाला, "मी हे शिकणार. सॅम्पल पास झालं की पोरीला फोन करणार. जावयाला घेऊन ये म्हणणार. पण आधी सॅम्पल पास झालं पाहिजे! तिघांच्या सह्या लागतील."

रजिस्टरसुद्धा तयार होतं. बॅच नंबर, तारीख, दोष.

*

पहिल्या बॅचला मिक्सरच अडकला. पाणी घालायचं कोणाला सुचलं नाही. अर्ध्या तासाने खरबरीत, पांढरट असं काहीतरी बाहेर आलं. पवारभियाने बोट लावून चाटलं आणि म्हणाला, "भिया, इसमें तो कुछ दम नहीं है! याला हिंग-मोहरीची फोडणी पाहिजे."

नाना लसूण शोधायला वळला तेवढ्यात ह्याने फोडणी ओतलीसुद्धा! वर जिरावन, म्हणजे इकडे पोह्यांवर घालतात तो मसाला, भुरभुरलं. मग खिशातून पुडी काढून मूठभर शेव टाकली. हा माणूस शेवेची पुडी बरोबर ठेवतो, जसे लोक रुमाल ठेवतात.

"आता खाऊन बघा! एक नंबर!"

खरं सांगायचं तर झकास लागत होतं. तिघांनी मिळून वाडगा साफ केला. नानाने हात धुतले, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'बॅच एक. दोष: पवार.'

*

चौथ्या बॅचच्या वेळी मोबाइलवर कोणत्या तरी बाईने सांगितलं की हमस लोण्यासारखं हवं असेल तर प्रत्येक चण्याचं साल काढा. प्रत्येक! झालं, आम्ही तिघे दारातल्या ओट्यावर परात घेऊन बसलो. नाना भिंग घेऊन. मी सोलायचं, पवारने दुसऱ्यांदा बघायचं, नानाने फायनल चेकिंग करायचं. दोन तासांत वाटीभर माल पास झाला.

शैला भाजी घेऊन येत होती. आम्हाला बघून थांबली. "तीस वर्षांत घरात मटाराची एक शेंग सोलली नाही, आणि आता चण्यांचे कपडे उतरवत बसलेत!"

आम्ही हसलो. पवारभिया तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. नानाही हसला. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "खरंच रे. मी हिला कधी एक शेंग सोलून दिली नाही."

हिला म्हणजे वहिनींना. त्याने परात आपल्याकडे ओढली आणि स्वतः सोलायला लागला. संध्याकाळपर्यंत चणे सगळे सोलून झाले.

*

हमसला तिळाची पेस्ट लागते. दुकानातली बाटली नानाने वासावरूनच रिजेक्ट केली. वहिनींच्या कागदावर लिहिलं होतं, 'तीळ: धारच्या अक्कासाहेबांना विचारणे.' अक्कासाहेब म्हणजे पवारभियाची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. त्यांची तिरल्याकडे शेती आहे, तीळ घरचेच. आम्ही तिघे धारला पोचलो.

अक्कासाहेबांनी तीळ भाजले, पाट्यावर घेतले आणि पवारभियाला वाटायला बसवलं. "मिक्सरला तीळ कळत नाहीत," म्हणाल्या. पाऊण तास हा माणूस वरवंटा ओढत होता, "अक्कासाहेब, मर जाऊँगा मैं!" करत. शेवटी तेल सुटून रेशमासारखी पेस्ट झाली. नानाने थेंब जिभेवर ठेवला आणि चक्क मान डोलावली. तीस वर्षांत मी हे दोनदाच पाहिलंय.

चहा देताना अक्कासाहेबांनी विचारलं, "लेकीस कळविलेत का?"

"अजून नाही. आधी पास होऊ दे," नाना म्हणाला.

"कितवी खेप ही?"

"अकरावी."

अक्कासाहेबांनी नानाकडे नीट बघितलं. "नाना, पास व्हावयाचे आहे ते नक्की कोणी?"

नाना चहा पीत राहिला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता, डबा मांडीवर धरून. पवारभिया हळूच मला म्हणाला, "भिया, अक्कासाहेब सही बोली." मी म्हटलं, "हो." पण नानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आम्ही दोघेही बोललो नाही.

*

आता सतरावी बॅच. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

ती बॅच जमली होती! चणे मऊ, तीळ अक्कासाहेबांचे, लसूण मोजून, वरून तेलाची धार. पवारभियाने पहिला घास घेतला आणि शेवेची पुडी खिशातच ठेवली. ह्याहून मोठी पावती नाही. त्याने रजिस्टरवर सही केली.

नानाने खाल्लं. बराच वेळ जिभेवर घोळवलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. रजिस्टर त्याने पुढ्यात ओढलं, पण पेनाचं टोपण काढेना. तीस वर्षं शेजारी बसलोय, मला कळलं. हमस चांगलं झालंय हे त्यालाही माहीत होतं. पण पास झालं की फोन करावा लागणार होता, आणि पोरगी 'नाही येत' म्हणाली तर काय, ह्या भीतीने तो गारठला होता.

"मीठ जरा..." नाना म्हणाला.

मला म्हणता आलं असतं, "गप्प बस, मीठ बरोबर आहे." पण मित्राला अवघड वाटू नये म्हणून मी म्हणालो, "हो, किंचित कमी वाटतंय खरं."

नानाचा जीव भांड्यात पडला. त्याने लिहिलं, 'बॅच सतरा. दोष: मीठ.'

दोन आठवड्यांनी शैलाला अश्विनीचा फोन आला. ती मधूनमधून करते. नबीलला कॅनडात नोकरी लागली होती, सगळे तिकडे पोचलेसुद्धा. जाण्याआधी कसल्या तरी कागदांसाठी ती, नबील आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा, चार दिवस इंदूरला मैत्रिणीकडे राहून गेले. ह्या वेळी तिने देवासला कळवलंच नाही. परत कोणी येऊ नको म्हणालं तर, म्हणून.

तारखा मी दोनदा विचारून घेतल्या. सतरावी बॅच झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते इंदूरला उतरले होते.

नानाला हे मीच सांगितलं. मीठ बरोबर होतं, हेही सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "इंदूर म्हणजे तासाभराची बस रे."

*

आणि हा शेवटचा.

त्यानंतर महिनाभर नानाने मिक्सरला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी त्याने आम्हाला दोघांना बोलावलं. टेबलावर मोबाइल होता, कोरा कागद होता, पेन्सिल टोक करून ठेवलेली होती. म्हणाला, "लावून दे तिला फोन. स्पीकरवर ठेव. माझ्याने बटण दाबवत नाही."

मी फोन लावला. तिकडे सकाळ असावी. "हॅलो?" अश्विनीचा आवाज आला. नाना पेन्सिल घट्ट धरून बसलेला. पवारभियाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी ह्या वेळी तोंड उघडलं नाही.

"हॅलो, कोण?"

नाना घसा खाकरून म्हणाला, "अश्विनी, ते हमसचे चणे किती तास भिजवायचे गं?"

सात वर्षांनी बाप लेकीला फोन करतो, आणि पहिलं वाक्य हे! सतरा बॅचेस केलेला माणूस!

फोन कट झाला की काय, म्हणून मी वाकून बघितलं.

"आईला सगळं सांगितलं होतं ना, बाबा?"

"हो. पण तू सांग."

ती सांगू लागली. चणे रात्रभर भिजवा. सोडा चिमूटभर. नाना शाळेतल्या पोरासारखा एकेक ओळ लिहून घेत होता, "बरं... बरं..." करत. तीळ किती, लसूण किती, मीठ किती. मिठापाशी त्याचा हात जरा थांबला. मग लिहिलं.

"आणि लिंबू?" नानाने विचारलं.

"कोणासाठी करताय, बाबा?"

नानाने आमच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. "असंच. हे दोघं येतात खायला."

"मग एकच लिंबू घाला," अश्विनी म्हणाली. "नबीलला खूप आंबट लागतं. काकांना चालणार नाही तेवढं."

नानाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. पेन्सिल हातात घेतली.

"त्याच्याच मापाने सांग," तो म्हणाला.