खुंटी मॅडमचा तास

तुम्ही डॉक्टरकीचे असा, नर्सिंगचे असा, फार्मसीचे असा नाहीतर लॅबचे, शनिवारच्या तासाला आलात की खुंटी मॅडम दारात हात आडवा घालून उभ्या असायच्या. "आप्रन काढा. खुंटीले लावा. अन मंग आत या." दाराशेजारी त्यांनी सुताराकडून लाकडी खुंट्यांची एक ओळ ठोकून घेतली होती. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

पुण्याकडून आलेला निखिल नावाचा एक इंटर्न होता. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "ॲप्रन काढल्यावर कोण डॉक्टर आणि कोण नर्स, कळणार कसं?"

"कामावरून कळू द्या की, डॉक्टर," मॅडम म्हणाल्या. "कामावरून नाही कळलं, तं कपड्यावरून कळून काय फायदा?"

सगळे हसले. निखिलने ॲप्रन काढला, पण खुंटीला लावला नाही. घडी करून मांडीवर घेऊन बसला. मॅडमनी पाहिलं आणि सोडून दिलं.

मॅडम मूळच्या देऊळगाव राजाच्या, नर्सिंगच्या कंत्राटी शिक्षिका. आमच्या रुग्णालयात चार तऱ्हेचे विद्यार्थी शिकायचे, पण कँटीनमध्येसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर बसायचे. त्यांना एकत्र बसवणारा हा तास मॅडमनी भांडून मिळवला होता. जागा म्हणून एक जुनी स्टोअर रूम मिळाली होती, तिच्यातच एक मोडकी खाटही पडून होती. "पेशंटपाशी सगळ्याईले सोबतच उभं राहायचं आहे," त्या म्हणायच्या, "तं शिकताना वेगळं काऊन?"

मी मोताळ्याजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा पारावरची पोरं म्हणाली, "काऊन बे, साडी कधी नेसतं?" त्याला मला उत्तर सुचलं नव्हतं. रुग्णालयातही मी मान खाली घालून काम करायचो. कोणी काही विचारलं तर उत्तर यायचं, पण ओठांपर्यंत येऊन थबकायचं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "आवाज गावातच ठेवून आला काय रे? पुढच्या खेपेले घेऊन ये."

तासाला सरावासाठी पुतळा नव्हता, म्हणून पेशंट स्वतः मॅडमच व्हायच्या. पदर खोचून खाटेवर आडव्या व्हायच्या आणि कण्हायला लागायच्या. "मी दुसरबीडची सखूबाई. छातीत कळ येऊन राह्यली वो." पहिल्या वेळी आम्ही चौघं चार अभ्यासक्रमांचे एकेक करून पुढे गेलो. प्रत्येकाने नाव विचारलं, वय विचारलं, काय होतंय विचारलं. चौथ्याने नाव विचारल्यावर सखूबाई ताडकन उठून बसली. "नाव तेच आहे बाप्पा, अजून बदललं नाही! चौघांनी मले नाव पुसलं. एकमेकाले कोणी काही पुसलं काय?" मग पुन्हा आडव्या होत म्हणाल्या, "मेली सखूबाई. पुन्हा करा." सखूबाई अशी दर शनिवारी मरायची. कधी आमच्या भांडणात, कधी आमच्या गप्प राहण्यात.

त्यांचा एकच नियम होता. काही चुकतंय असं वाटलं तर कोणीही, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरीनेही, मोठ्याने 'थांबा' म्हणायचं. ते ऐकताच सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले पाहिजेत. आधी बघायचं, मग पुढे जायचं. तासाला हे सोपं होतं. तिथेही मी कधी म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा म्हटलं ते खऱ्या वॉर्डात. शेजारशेजारच्या खाटांवर दोन रामभाऊ होते. निखिल त्यांतल्या एकाला इंजेक्शन द्यायला वाकला, आणि मला वाटलं, हे त्या दुसऱ्या रामभाऊंचं आहे. मी म्हणालो, "थांबा!" इतक्या जोरात म्हणालो की माझा मीच दचकलो. निखिल थांबला. त्याने केसपेपर पाहिला, पेशंटला पूर्ण नाव विचारलं. रामभाऊ बरोबर होते आणि औषधही बरोबर होतं. चुकलो होतो मी.

तेवढ्यात रामभाऊंचा मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमाले पक्कं माहीत आहे ना?" निखिलचा चेहरा लाल झाला. गोष्ट वरपर्यंत गेली. दुपारी विभागाच्या मोठ्या सरांनी मॅडमना आणि मला बोलावलं.

"नातेवाइकांसमोर डॉक्टरला अडवलं, आणि तेही चुकीचं," सर म्हणाले. "या मुलाने वॉर्डात सगळ्यांसमोर माफी मागायची."

मोठ्या सरांपुढेही मॅडमची भाषा बदलत नसे. "माफी कशाची, सर? त्याचा अंदाज चुकला. बोलला ते नाही चुकलं. चुकून 'थांबा' म्हटलं तं अर्धं मिनिट जाते. म्हटलंच नाही तं माणूस जाते."

"मग तुमचा शनिवारचा तास बंद समजा."

तो तास त्यांनी किती भांडून मिळवला होता, हे मला माहीत होतं. मी पुटपुटलो, "मॅडम, मागतो मी माफी. तास राहू द्या."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आज माफी मागशील, तं उद्या खरंच चुकून राह्यलं असलं तरी तू तोंड उघडणार नाही. तास गेला तं दुसरा घेऊ. तुहं तोंड मिटलं, तं मी कुठून आणू?" मग सरांना शांतपणे म्हणाल्या, "बंद करा, सर. माफी भेटणार नाही."

बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "पुन्हा म्हणशील ना?" मी ॲप्रनची बटणं लावत राहिलो.

शनिवारी स्टोअर रूमला कुलूप होतं. मॅडम कँटीनमागच्या कडुलिंबाखाली, सिमेंटच्या बाकाजवळ हात आडवा घालून उभ्या होत्या. तिथे दार नव्हतंच, तरी हात तसाच. "आप्रन फांदीले लावा." मी लावला. एकेक जण येत गेला. शेवटी निखिल आला. त्याने आपला ॲप्रन माझ्या ॲप्रनवरच अडकवला. "राग गेलेला नाहीये हां माझा," तो मला म्हणाला, "पण आज सखूबाई मरता कामा नये."

तेवढ्यात वॉचमनकाका आले. "मॅडम, वरून निरोप आहे. इथं जमायचं नाही." मॅडम बाकावर आडव्या झालेल्याच होत्या. त्यांनी एक डोळा उघडला. "काका, मी पेशंट आहे. दवाखान्यातून पेशंटले हाकलता काय?" काका हसत गेले, आणि पुन्हा कोणत्याच शनिवारी त्या बाजूला फिरकले नाहीत.

त्या वर्षी मॅडमचं कंत्राट वाढलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. देऊळगाव राजाची बस लागली होती. मी म्हणालो, "आता तासाचं काय?"

"काऊन? तास काय पदरात बांधून नेऊन राह्यली मी?" त्या खिडकीत बसल्या. "अन माह्या प्रश्नाचं काय? पुन्हा म्हणशील ना?"

मी मान हलवली.

"मान नको हलवू. मले ऐकू आलं पाहिजे."

बस सुरू झाली, वळायला लागली. मला काय झालं कोणास ठाऊक, मी बसमागे धावत ओरडलो, "थांबा!" कंडक्टरने बेल मारली. बस करकचून थांबली. सगळे प्रवासी माझ्याकडे बघायला लागले. कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. "काय राह्यलं बे?"

काहीच राहिलं नव्हतं. मी तसाच उभा. खिडकीतून मॅडम म्हणाल्या, "काही नाही, भाऊ. पोरगं शिकून राह्यलं. अर्धं मिनिट गेलं, जाऊ द्या." त्यांचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारचा तास अजून कडुलिंबाखालीच होतो, अजून परवानगी नाही. पारावरच्या पोरांना आता माझ्याकडे उत्तर आहे. साडी नेसलो नाही बाप्पा, पण दर शनिवारी दुसरबीडची सखूबाई मीच होतो. आणि आमची सखूबाई आता सहजी मरत नाही.